मराठीतले पहिले सोळा बार

रॅप लिहू पाहणाऱ्या मुलामुलींना बहुधा पहिला सल्ला मिळतो तो मनातले सगळे कागदावर उतरवण्याचा. तो चुकीचा नाही. परंतु त्यावरच थांबलेल्या कितीतरी वह्या दुसऱ्या पानापुढे जात नाहीत, कारण कागदावर उतरलेले मनातले ठेक्यावर बसत नाही आणि ते का बसत नाही हे कोणी सांगितलेले नसते. रॅप ज्या हिप हॉपमधून आला, त्यात शब्द नंतर आले. आधी आला तो ठेका आणि त्या ठेक्याची लांबी. म्हणून या लेखातही शब्दांकडे वळण्यापूर्वी मोजणी करायची आहे. मराठीत सोळा बारांचा (बार म्हणजे चार ठोक्यांची एक ओळ) एक व्हर्स, म्हणजे रॅपचे एक कडवे, लिहावा, तो पाठ करावा आणि दहा-बारा माणसांच्या वर्तुळात उभे राहून म्हणावा, एवढेच येथे उद्दिष्ट आहे. त्यासाठी चौकटींची वही, पेन्सिल, फोन, साधे हेडफोन आणि साधारण महिनाभर रोजचा अर्धा तास लागेल.

आधी ब्रेक समजून घ्यावा

११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात, १५२० सेजविक अ‍ॅव्हेन्यू या इमारतीच्या सामाईक खोलीत, सिंडी कॅम्पबेल या मुलीने एक पार्टी ठेवली. शाळा सुरू होण्यापूर्वी नव्या कपड्यांपुरते पैसे जमावेत हा तिचा हेतू होता. प्रवेश मुलींना २५ सेंट आणि मुलांना ५० सेंट असा होता. रेकॉर्ड वाजवायला तिचा अठरा वर्षांचा भाऊ क्लाइव्ह उभा राहिला. जमैकातून लहानपणी आलेल्या या मुलाला पुढे सगळे कूल हर्क या नावाने ओळखू लागले. त्याने एक गोष्ट हेरली होती. गाण्यात जिथे गायक थांबतो आणि केवळ ड्रम व बास उरतात, त्या काही सेकंदांच्या तुकड्याची नाचणारी मुले वाट पाहत असत. त्या तुकड्याला ब्रेक म्हणतात. हर्कने एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर, म्हणजे रेकॉर्ड फिरवणाऱ्या तबकड्यांवर, ठेवून, एकीवरचा ब्रेक संपताच दुसरीवरचा सुरू करून, तो तुकडा हवा तितका लांबवण्याची रीत बसवली. ब्रेकवर नाचणारे ते बी-बॉय आणि बी-गर्ल. नाच चालू असताना कोक ला रॉक हा हर्कचा साथीदार माइकवरून मित्रांची नावे घेई, छोट्या यमकांच्या हाळ्या देई. आज आपण ज्याला रॅप म्हणतो त्याची सुरुवात त्या हाळ्यांपासून आहे.

लिहिणाऱ्याला हा इतिहास उपयोगी पडतो तो असा, की रॅपचा शब्द ड्रमने मोकळ्या सोडलेल्या जागेत बसतो. चाल आधी आणि शब्द नंतर ही रीत आपल्याकडे सिनेगीतांतही आहे, पण तिथे सुरांचा आधार मिळतो. इथे केवळ वेळेचा आधार असतो आणि म्हणून चूक लपत नाही.

ही पार्टी कुठल्या जमिनीवर उभी राहिली, हेही ठाऊक असावे. शहरातून मोटारी वेगाने जाव्यात म्हणून बांधलेला क्रॉस ब्रॉन्क्स एक्सप्रेसवे वस्त्या चिरत गेला होता, हजारो कुटुंबे हलवली गेली होती आणि १९७० च्या दशकात दक्षिण ब्रॉन्क्समध्ये इमारतीमागून इमारती जळत होत्या. तरुणांच्या टोळ्यांनी रस्ते वाटून घेतले होते. डिसेंबर १९७१ मध्ये समेट घडवायला गेलेल्या ब्लॅक बेंजी या तरुणाचा खून झाला. सूड घेण्याऐवजी त्याच्या टोळीने ८ डिसेंबरला हो अ‍ॅव्हेन्यूवरील क्लबात इतर टोळ्यांना बोलावून तह केला. सीमा त्यानंतर सैल होत गेल्या, आणि एका गल्लीतला मुलगा दुसऱ्या गल्लीतल्या पार्टीला जाऊ शकला. चढाओढ संपली नाही, तिने रूप बदलले. कोण अधिक चांगला नाचतो, कोणाचा रेकॉर्डवरचा हात अधिक सफाईचा, कोणाची यमके अधिक धारदार, याची ती चढाओढ झाली. हिप हॉपचा तरुणांवर काय परिणाम होतो, असा प्रश्न पालक आणि शिक्षक काळजीने विचारतात, तेव्हा ही घटना मला नेहमी आठवते. पोरांच्या हातून पोरे मारली जात होती त्या ठिकाणी मुलांनीच उभा केलेला तो पर्याय होता, आणि त्याची शिस्तही त्यांनीच ठरवली होती.

पहिला आठवडा केवळ ऐकण्याचा

आवडती तीन गाणी निवडावीत. त्यांतले एक तरी मराठी असावे. प्रत्येक गाणे तीनदा ऐकावे. पहिल्यांदा शब्दांकडे पूर्ण दुर्लक्ष करून ड्रम ऐकावेत. जड, खोल आवाजाची किक आणि कोरडी, टाळीसारखी स्नेअर ओळखू आली की एक-दोन-तीन-चार असे मोजावे. स्नेअर दोनवर आणि चारवर पडते. या चार ठोक्यांचा मिळून एक बार होतो. दुसऱ्यांदा ऐकताना यमकाचा शब्द कुठल्या ठोक्यावर येतो याची वहीत खूण करावी. तिसऱ्यांदा रॅपर श्वास कुठे घेतो ते पाहावे. ही तिसरी नोंद बहुतेक जण टाळतात, आणि पुढे चार लोकांपुढे उभे राहिल्यावर त्यांचा दम तिसऱ्या ओळीतच संपतो.

सोळा खाने आणि तीनताल

चौकटींच्या वहीत एका ओळीवर सोळा खाने आखावेत. एक ओळ म्हणजे एक बार. चार ठोके अनुक्रमे खाना १, ५, ९ आणि १३ यांवर येतात, आणि प्रत्येक ठोक्याच्या पोटात चार खाने राहतात. स्नेअर ५ व १३ वर.

ज्यांनी थोडाफार तबला ऐकला आहे, त्यांना हा हिशेब ओळखीचा वाटेल. तीनतालही सोळा मात्रांचाच आहे, त्याचेही चार विभाग आहेत, आणि त्याच्या टाळ्या १, ५ व १३ वर पडतात, तर ९ वर खाली, म्हणजे टाळी न देण्याची जागा, असते. म्हणजे हिप हॉपच्या स्नेअरची दोन्ही ठिकाणे तीनतालाच्या दोन टाळ्यांवरच येतात. फरक भाराचा आहे. आपले कान समेकडे, पहिल्या मात्रेकडे धावतात. हिप हॉपमध्ये पहिल्या खान्यावर किक असली तरी मान डोलते ती स्नेअरवर. म्हणून सुरुवातीचे काही दिवस बीट, म्हणजे रॅपखाली वाजणारा ठेका, लावून हाताने फक्त ५ आणि १३ वर टाळी द्यावी. भजनाच्या टाळीची सवय असलेला हात पुन्हा पुन्हा एकवर जाईल. त्याला परत आणावे. या सरावाला दोन दिवस लागोत की दहा, तो उरकून पुढे जाऊ नये.

सुरुवातीला ८० बीपीएमचा, म्हणजे मिनिटाला ८० ठोक्यांचा बीट घ्यावा. त्या वेगात एक ठोका पाऊण सेकंदाचा, एक बार तीन सेकंदांचा आणि सोळा बारांचा पूर्ण व्हर्स ४८ सेकंदांचा होतो. एवढ्याशा वेळात एखादा प्रसंग पुरता सांगता येतो, आणि फाफटपसारा असेल तर तो तितकाच उघडा पडतो.

मराठी वाक्याचा स्वभाव

आता लिहायला घ्यावे. पहाटे पाणी भरण्याचा प्रसंग घेऊ. पहिला खर्डा साधारण असा येतो:

सकाळी चार वाजता नळाला पाणी आलं,
आईने मला हाक मारून उठवलं,
हंडा घेतला आणि मी खाली पळालो,
रांगेत उभा राहून पुन्हा झोपी गेलो.

यात खोटे काही नाही, तरी ओळी ढिल्या वाटतात. कारण मराठीच्या रचनेत आहे. आपले वाक्य क्रियापदावर संपते, आणि भूतकाळी क्रियापदे ला, ली, लं, लो यांवर संपतात. त्यामुळे यमक आपोआप, काही न करता मिळते. जे फुकट मिळते त्याची ऐकणाऱ्याला किंमत नसते. आलं-उठवलं ही जोडी कानाला आधीच अपेक्षित असते, आणि अशा सोळा ओळी सलग आल्या की पत्रवाचन चालले आहे असे वाटू लागते. म्हणून पहिल्या काही महिन्यांपुरता एक कडक नियम पाळावा: ओळीचा शेवटचा शब्द क्रियापद असू नये. नाम, संख्या, विशेषण, गावाचे नाव, काहीही चालेल. या एका नियमाने वाक्य उलटेपालटे करावे लागते, अनावश्यक ‘आणि’ गळून पडतात, आणि दृश्य उरते.

दुसरा खर्डा असा होऊ शकतो:

चार वाजता नळाला धार, झोपेत उघडं अर्धं दार,
रांगेत पुढे अकरा हंडे, पायाखाली फरशी गार;
पाणी मोजून मिनिटं वीस, रांगेत आईची वर्षं तीस,
हंड्याहंड्याला घासाघीस, कोरडा नळही कासावीस.

चारही ओळींत पूर्ण क्रियापद एकही नाही, तरी काय घडले ते कळते. तिसऱ्या ओळीत वीस मिनिटे आणि तीस वर्षे शेजारी आली, तेव्हा पहिल्या खर्ड्यात नसलेली गोष्ट सापडली: रांग एका सकाळची नाही, आईच्या आयुष्याची आहे. ती मुद्दाम शोधलेली नव्हती. ‘वीस’ला जोड हवी म्हणून ‘तीस’ आला आणि त्याने अर्थ सोबत आणला. यमकाने लिहिणाऱ्याला त्याला आधी न सुचलेल्या ठिकाणी न्यावे, यासाठीच यमकाचा एवढा आटापिटा करायचा असतो.

आता अक्षरे मोजावीत, मात्र लिहिलेली नव्हे, उच्चारलेली. ‘घर’ या शब्दात लिखित अक्षरे दोन, पण आपण तो ‘घर्’ असा एका झटक्यात म्हणतो. अभंग-ओवीत लिखित अक्षर पूर्ण उच्चारून मोजण्याची रीत आहे. रॅप बोलीच्या उच्चारावर चालतो, म्हणून ‘वाजता’ दोन उच्चारांचा शब्द धरावा, ‘उघडं’ही दोनचा. याच कारणाने रॅप लिहिताना ‘अर्धे’ऐवजी ‘अर्धं’, ‘मिनिटे’ऐवजी ‘मिनिटं’ असे बोलीरूप लिहावे. प्रमाण लेखनाचा मान इतरत्र राखता येईल, पण तोंडात जे येणार तेच वहीत असले पाहिजे. या हिशेबाने वरच्या ओळी अनुक्रमे १४, १५, १६ आणि १५ उच्चारांच्या आहेत, म्हणजे सोळा खान्यांत मावतात. कुठली ओळ १९-२० वर गेली तर ती घाईने म्हणून बसवण्याचा मोह होईल. तो टाळून शब्द कापावेत. वेग वाढवण्याचे तंत्र, ज्याला डबल टाइम म्हणतात, ते नंतरचे आहे.

मावणे आणि बसणे यांत फरक आहे. ‘चार वाजता नळाला धार’ हे सात उच्चार पहिल्या खान्यापासून सुरू केले तर ‘धार’ सातव्या खान्यावर, म्हणजे स्नेअर उलटून गेल्यावर येईल आणि यमक हवेत राहील. तीच ओळ दोन खाने आधी, मागच्या बारच्या पंधराव्या खान्यापासून उचलली, तर ‘धार’ बरोबर पाचव्या खान्यावर, स्नेअरच्या फटक्यासोबत पडतो. सहावा खाना मोकळा सोडून ‘झोपेत’ सातव्यावर सुरू करावे, म्हणजे ‘दार’ तेराव्यावर येते. एकच वाक्य, तेच शब्द, आणि केवळ दोन खान्यांच्या सरकण्याने ते बोलण्यातून रॅपमध्ये येते. ज्याला फ्लो म्हणतात तो पुष्कळसा या सरकवण्याचा भाग आहे. वहीत प्रत्येक खान्यात एक उच्चार लिहून ही मांडणी करावी. पहिला व्हर्स पूर्णपणे असा खान्यांत लिहिल्याशिवाय पाठांतराला घेऊ नये.

यमकाबद्दल आणखी दोन गोष्टी. घासाघीस आणि कासावीस या जोडीत केवळ शेवटचे अक्षर जुळत नाही, तिन्ही स्वर जुळतात: आ, आ, ई. अशी दोन-तीन स्वरांची यमके, आणि ओळीच्या टोकाऐवजी मध्येच येणारी यमके, अमेरिकी रॅपमध्ये १९८७ च्या सुमारास राकिम या रॅपरने ठळकपणे रुजवली. आपल्याला हे अगदीच नवे नाही. मोठ्या अभंगाचे चरण सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे असतात, आणि त्याचे यमक दुसऱ्या व तिसऱ्या चरणाच्या शेवटी, म्हणजे कडव्याच्या मध्येच येते. चौथा चरण यमकाशिवाय, आखूड, उतरत जाणारा. शेवटी जागा सोडण्याची ती युक्ती रॅप लिहिणाऱ्याने जरूर उचलावी. चार बार भरून झाल्यावर पाचव्याचा उत्तरार्ध मोकळा ठेवला, तर आधी म्हटलेले ऐकणाऱ्याच्या मनात बसायला वेळ मिळतो.

दुसरी गोष्ट कानाची. मराठीत च, ज, झ यांचे दोन-दोन उच्चार आहेत आणि लिपी ते वेगळे दाखवत नाही. ‘पुस्तक वाचा’ मधला वाचा आणि ‘वाचा गेली’ मधला वाचा लिहायला एकच, पण म्हणायला वेगळे. डोळ्यांनी जुळवलेले यमक इथे फसते. म्हणून यमकांच्या याद्या मोठ्याने म्हणूनच कराव्यात, आणि फोनवर ऐकून खात्री करावी.

कशावर लिहावे

बीट मिळाला, खाने आखले, आता विषय. इथे बहुतेक नवखे उसने घेतात. परदेशी व्हिडिओंमधून बंदूक, पैशांच्या थप्प्या, गाड्या, मुलींना मालमत्तेसारखे वागवणारी भाषा हे सगळे आयते मिळते आणि दोन ओळींत मोठे वाटू लागते. एक साधी परीक्षा करावी: ही ओळ दुसऱ्या शहरातला कोणीही, काही न बदलता, म्हणू शकेल काय? म्हणू शकत असेल तर तिच्यात तुमचे काही नाही. बसचा क्रमांक, गिरणीच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीचा मजला, बाजार समितीत कांद्याला मिळालेला भाव, वसतिगृहातल्या जेवणाची वेळ, असे काही जोवर ओळीत येत नाही तोवर ती खोडत राहावी.

न्यूयॉर्कमध्येही रॅप काही वर्षे पार्टीपुरता होता. १९८२ मध्ये ग्रँडमास्टर फ्लॅश आणि फ्युरियस फाइव्ह यांच्या नावावर निघालेल्या एका गाण्यात फुटलेल्या काचा, उंदीर, झुरळे आणि थकलेली देणी आली, आणि रॅप स्वतःच्या गल्लीची साक्ष देऊ शकतो हे जगाला कळले. मुंबईत २०१४ साली कुर्ल्याच्या नेझी या रॅपरने आयपॅडवर ध्वनिमुद्रण आणि चित्रीकरण करून पहिला व्हिडिओ काढला, तेव्हा साधनांची सबब कायमची संपली. स्वदेसी या मुंबईच्या गटाने मराठीसह अनेक भाषांत रॅप केला, आणि २०१९ मध्ये आरे जंगलातील आदिवासींच्या प्रश्नावर आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन गाणे केले. इथे मला महत्त्वाचे वाटते ते हे, की त्यांनी आदिवासींविषयी दुरून लिहिले नाही, त्यांचा आवाज गाण्यात आणला. ज्याचे दुःख आपण जगलो नाही त्यावर लिहायचे असेल, तर हाच मार्ग सभ्य आहे.

बोलीविषयी संकोच बाळगू नये. अमरावतीचा सौरभ, जो १००आरबीएच या नावाने ओळखला जातो, वऱ्हाडीत रॅप करतो आणि ती वऱ्हाडी राज्यभरातली मुले पाठ करतात. शाळेत ज्या उच्चारांसाठी हटकले गेले तेच उच्चार अभिमानाने माइकवर म्हणता येणे, हा मला हिप हॉपने महाराष्ट्रातील तरुणांना दिलेला सर्वांत मोठा लाभ वाटतो. कपडे, केशभूषा आणि साखळ्या त्यामानाने वरवरच्या आहेत. अहिराणी, मालवणी, आगरी, कोल्हापुरी यांना स्वतःचे हेल आहेत, आणि हेल म्हणजे ठेक्याचा अर्धा ऐवज. मालवणीत जो ‘मा’ सहज येतो किंवा अहिराणीत वाक्य जिथे उचलले जाते, तिथेच स्नेअर ठेवून पाहावी.

शिव्यांचा प्रश्न टाळता येणार नाही. बोलीचा भाग म्हणून आलेली शिवी मी खोडायला सांगणार नाही. मात्र रिकामा खाना भरण्यासाठी आलेली शिवी हे शब्द न सापडल्याचे लक्षण आहे, आणि आईबहिणीवरून, जातीवरून किंवा शरीरावरून कोणाला खाली पाडणारी ओळ लिहू नये. टीकेची ओळ वर, सत्तेकडे जावी. त्याची किंमत असू शकते, हेही ठाऊक असावे: एप्रिल २०२३ मध्ये राज्याच्या राजकारणावरील मराठी रॅपमुळे तरुण रॅपरांवर गुन्हे नोंदवले गेले. म्हणून तथ्य तपासावे, आरोप आणि मत यांतला फरक ओळीत स्पष्ट ठेवावा आणि प्रसिद्ध करण्यापूर्वी जाणत्या व्यक्तीला, शक्य असल्यास वकिलाला, वाचून दाखवावे.

आणखी एक. इतरांच्या ओळी स्वतःच्या म्हणून वापरण्याला बाइटिंग म्हणतात, आणि अगदी सुरुवातीपासून हिप हॉपमध्ये त्याहून मोठी बदनामी नाही. आफ्रिकी अमेरिकी रॅपर स्वतःविषयी जो वंशवाचक शब्द वापरतात, तो त्यांच्या गुलामगिरीच्या इतिहासातून आलेला आहे. आपण तो कुठल्याही कारणाने उच्चारू नये.

श्वास आणि पाठांतर

वर दिलेल्या चार ओळींत दुसऱ्या ओळीच्या ‘पायाखाली’पासून चौथ्या ओळीच्या ‘घासाघीस’पर्यंत एकही खाना मोकळा नाही. ते सलग एकतीस खाने होतात, म्हणजे ८० च्या वेगात जवळजवळ सहा सेकंद. तेवढा श्वास पुरतो, परंतु ‘हंडे’नंतरच्या मोकळ्या खान्यात तो आधी भरून घेतला असेल तरच. वहीत श्वासाच्या जागी निळी टिंबे द्यावीत आणि दर वेळी तिथेच श्वास घ्यावा. चालताना, जिना चढताना व्हर्स म्हणण्याचा सराव करावा. चढावर ज्याचा दम टिकतो त्याचा रंगमंचावर टिकतो.

पाठांतर बीटशिवाय, फक्त पायाच्या ठेक्यावर करावे. फोनमध्ये पाहून म्हटलेला व्हर्स ऐकणाऱ्यापर्यंत पोहोचत नाही, कारण डोळे पडद्यावर असतात. पाठ झाल्यावर ७० च्या वेगात एकदा आणि ९० च्या वेगात एकदा म्हणून पाहावे. दोन्हीत अडखळले नाही, तर ८० पक्के झाले.

ध्वनिमुद्रण आणि हक्क

यावर फार वेळ घालवू नये. कपड्यांनी भरलेले कपाट उघडून त्याच्याकडे तोंड करून, फोन तोंडापासून वीतभर लांब व किंचित तिरपा धरून, बीट हेडफोनमध्ये ऐकत म्हटले की खोलीचा घुमारा पुरेसा कमी होतो. पंखा बंद ठेवावा. तीन टेक घ्यावेत आणि सर्वांत नेमका नव्हे, सर्वांत खरा वाटणारा ठेवावा.

बीट मात्र जपून निवडावा. यूट्यूबवर मोफत म्हणून ठेवलेले टाइप बीट, म्हणजे एखाद्या नामवंत रॅपरच्या शैलीत बनवलेले बीट, बहुधा सरावापुरते मोफत असतात. गाणे प्रसिद्ध करायचे असेल तर बनवणाऱ्याकडून लेखी परवानगी किंवा लीज, म्हणजे पैसे देऊन वापराचा परवाना, घ्यावी लागते. दुसऱ्याच्या गाण्याचा तुकडा सॅम्पल म्हणून वापरण्यालाही परवानगी लागते. १९९१ मध्ये अमेरिकेतील न्यायालयाने बिझ मार्की या रॅपरच्या प्रकरणात परवानगीविना घेतलेल्या सॅम्पलविरुद्ध निर्णय दिला आणि सॅम्पलिंगची सारी पद्धतच बदलली. आपल्या शब्दांचे काय, तर भारतीय कायद्यानुसार ओळी लिहिल्या गेल्या की त्यांचा कॉपीराइट लिहिणाऱ्याकडे येतो, नोंदणी सक्तीची नाही, आणि तो लेखकाच्या हयातीत व त्यानंतर ६० वर्षे टिकतो. एखाद्या कंपनीने करार पुढे केला तर तो घरी आणून वाचावा. त्याच दिवशी सही मागणाऱ्याला नकार द्यावा.

वर्तुळात उभे राहणे

व्हर्स पुरा होतो तो सायफरमध्ये. सायफर म्हणजे वर्तुळ: एक जण तोंडाने किंवा स्पीकरवरून ठेका धरतो, एक जण मध्ये येऊन म्हणतो, बाकीचे ऐकतात. जवळपास असे वर्तुळ नसेल तर सुरू करावे. कॉलेजची कँटीनमागची जागा, समाजमंदिराचे पटांगण, गच्ची, काहीही चालते; आठवड्याचा एकच वार आणि एकच वेळ ठरवावी आणि दोनच जण आले तरी ती मोडू नये. मुलींना घरी परतण्याची वेळ पाळावी लागते हे लक्षात घेऊन अंधार पडण्यापूर्वीची वेळ धरावी, आणि त्या केवळ ऐकायला उभ्या आहेत असे चित्र दिसू लागले तर पहिली पाळी त्यांना द्यावी. सोळा बार झाले की माइक पुढे जातो. कोणी अडखळला तर त्याच्या ओळी इतरांनी पूर्ण करायच्या नाहीत. ठेका चालू ठेवायचा, म्हणजे तो पुढच्या बारला पुन्हा शिरू शकतो. वर्तुळात नाचणारे कोणी असतील तर त्यांना बाजूला काढू नये. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ब्रेकिंगला, म्हणजे ब्रेकवरच्या नाचाला, स्थान मिळाले, परंतु त्याच्या फार आधीपासून ब्रेक हा नाचणाऱ्यांचा आहे.

बॅटल, म्हणजे दोन रॅपरांचा आमनेसामने सामना, करायची असेल तर आपल्याच परंपरेकडून एक गोष्ट घ्यावी. कलगी-तुऱ्याच्या सवाल-जवाबात समोरच्याने काय विचारले ते नीट ऐकल्याशिवाय उत्तर देता येत नाही. पाठ करून आणलेला टोमणा तिथे चालत नाही. बॅटल रॅपमध्येही ज्याने प्रतिस्पर्ध्याचाच शब्द पकडून परतवला, तो श्रोत्यांना जिंकतो. म्हणून समोरचा म्हणत असताना आपल्या ओळी मनात घोळवू नयेत. त्याचा शेवटचा यमकाचा शब्द लक्षात ठेवावा आणि तिथूनच उचलावे.

म्हणून झाल्यावर कसे वाटले, असे विचारू नये. सगळे छान म्हणतात. कुठली ओळ आठवते, एवढेच चार जणांना विचारावे आणि त्यांनी सांगितलेल्या ओळींसमोर वहीत खूण करावी. ज्या ओळी कोणालाच आठवल्या नाहीत त्यांच्याखाली पेन्सिलीने रेघ ओढावी, आणि त्याच रात्री बीट लावून, खाने पुन्हा आखून, त्यांतली पहिली ओळ बदलायला घ्यावी.